व्हॉसव्ह्यूअर: आठ महिने वापरल्यानंतर

कोणत्या संस्था एकमेकींबरोबर संशोधन करतात याचे नकाशे काढायला मी आठ महिने व्हॉसव्ह्यूअर वापरतेय. लायडन विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि संशोधन-पेपरांचा डेटा हाताशी असेल तर पहिला नकाशा पंधरा मिनिटांत निघतो. पण त्या पहिल्या नकाशावर विश्वास ठेवू नका.

नकाशात दोन संस्थांचे एकत्र पेपर जितके जास्त, तितकी त्यांच्यातली रेघ जाड. माझ्या नकाशातली सगळ्यात जाड रेघ ज्या दोन संस्थांना जोडत होती, त्या दोन नव्हत्याच. एकाच पेपरवर एका लेखकाने विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहिलेलं, दुसऱ्याने संक्षेप; सॉफ्टवेअरच्या लेखी झालं सहकार्य! यावर उपाय थिसॉरस फाइलचा: दोन रकाने, एकात सापडलेलं नाव, दुसऱ्यात हवं ते. माझा निम्मा वेळ त्यातच गेला. ओपनअ‍ॅलेक्स या संशोधन-पेपरांच्या खुल्या सूचीतून डेटा घ्यायला लागल्यापासून हे काम बरंच हलकं झालं, कारण तिथे संस्थांना आरओआर आयडी, म्हणजे प्रत्येक संस्थेचा एक ठरलेला ओळख क्रमांक, जोडलेले असतात. तरी हॉस्पिटल आणि त्याचं विद्यापीठ एकत्र मोजायचं का, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट मोजणीची. फुल काउंटिंगमध्ये, म्हणजे पेपरवरची प्रत्येक जोडी पूर्ण एक मोजली तर, 5 संस्थांचा पेपर 10 जोड्या देतो, 100 संस्थांचा 4,950. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरच्या 2015 च्या पेपरला 5,154 लेखक होते. असा एखादा पेपर डेटात आला की बाकी सगळं त्याखाली दबतं. फ्रॅक्शनल काउंटिंग (पेपरवर संस्था जितक्या जास्त, तितकं प्रत्येक जोडीचं वजन कमी) निवडलं तेव्हा कुठे लहान संस्थांमधली वर्षानुवर्षांची भागीदारी वर आली. ही सोय मला या सॉफ्टवेअरमधली सर्वांत मोलाची वाटते.

उणीव एकच, पण मोठी. कोणती संस्था दोन गटांमधला दुवा आहे हे सांगणारी बिट्वीननेस सेंट्रॅलिटी इथे मिळत नाही. त्यासाठी नेटवर्क जीएमएल प्रकारच्या फाइलमध्ये काढून गेफी या नेटवर्क-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावं लागतं.

आणि एक सवय लावून घ्या: अहवालात एखाद्या रेघेबद्दल लिहिण्याआधी तिच्यामागचे पेपर उघडा. गेल्या महिन्यात एका विद्यापीठाची दूरच्या एका संस्थेशी 14 पेपरांची जोडी दिसली. एकेक उघडत गेले. चौदाही पेपर एकाच प्राध्यापकाचे, आणि दोन्ही पत्ते त्यांचेच. दुसऱ्या संस्थेतलं आणखी कुणी एकाही पेपरवर नव्हतं. ती रेघ मी अहवालातून काढली.