लालबागची मिरची गल्ली: वर्षाचा मसाला समोर उभं राहून कांडून घ्या

एप्रिल लागला की एक सुट्टी मी मसाल्यासाठी राखून ठेवते. डोंबिवलीहून धीमी लोकल, करी रोडला उतरायचं आणि चालत लालबाग. गल्ली कुणाला विचारावी लागत नाही, मिरचीची खाट नाकात शिरते.

यंदा तीन किलो मिरची घेतली. दीड किलो बेडगी, एक किलो काश्मिरी, अर्धा किलो संकेश्वरी. प्रमाण सासूबाईंचं, मी त्यात हात घालत नाही. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मिरची घेताना एक मोडून बघाच. चांगली सुकलेली कट्कन तुटते, कानाशी हलवली की बिया खुळखुळतात. वाकली तर दमट समजा. एका वर्षी उन्हाचा कंटाळा करून घराजवळच्या दुकानातून न बघता मिरची आणली, तर गणपतीच्या आधीच मसाल्याला जाळी धरली. अख्खी बरणी टाकताना डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून लालबाग सोडलं नाही.

इथे धणे, दगडफूल, नाकेसर, जायपत्री, हळकुंड सगळं एका फेरीत मिळतं. "ताई, मालवणी की आगरी?" एवढंच विचारतात आणि मापं भराभर पडतात. भाजणंही तिथेच. मग डंक, म्हणजे मसाला कांडायचं यंत्र. लोखंडी मुसळं धाडधाड खाली येतात, आधी केशरी भरड दिसते, ती चाळून वर राहिलेलं परत उखळीत. तिसऱ्या खेपेला रंग गडद होतो, तेल सुटल्यासारखी चकाकी येते. तिथून हलू नका, आपला माल आपल्या डोळ्यांसमोर कांडला गेला पाहिजे. पिशवी हातात येते तेव्हा गरम असते. घरी गेल्यावर मसाला कागदावर पसरून पूर्ण निववा, मगच बरणीत भरा, वर हिंगाचे खडे ठेवा.

कांडणावळ आणि गाडीभाडं धरूनही मला हा मसाला पाकिटापेक्षा स्वस्त पडतो. शिवाय चमचाभर घातला तरी पुरतो. महिनाअखेरीला काळ्या वाटाण्याची आमटी आणि भात एवढ्यावर घर जेवतं, कुणी कुरकुरत नाही.

या बाजाराबद्दल मला आदर आहे. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद पडला, तेव्हा इथल्या कोळी मंडळींनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि १९३४ पासून लालबागचा राजा बसू लागला. गिरण्या गेल्या, टॉवर आले, डंक अजून चालू आहेत.

सकाळी लवकर जा, मेमधला रविवार टाळा, सुती पिशवी आणि नाकाला रुमाल न्या. परतताना चिवडा गल्लीतून पाव किलो चिवडा घ्या. दुकानदारांकडे माझं एकच मागणं आहे: नंबर लावून दोन-दोन तास उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी सावलीत दोन बाकडी टाका.