कॅशियर्स चेक: जुनं सामान विकताना कितपत भरवशाचा?
अमेरिकेत अनोळखी माणसाला सोफा विकताना कॅशियर्स चेक, म्हणजे बँकेने स्वतःच्या पैशांवर काढलेला चेक, रोखीसारखाच वाटतो. गोम इथेच आहे. बँक बहुधा दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात दाखवते, पण चेक वटलेला नसतो. बनावट निघायला कधी आठवडे जातात आणि बँक पैसे तुमच्याच खात्यातून वळते करून घेते. ८०० डॉलरच्या सोफ्याला १,८०० चा चेक, ‘वरचे हजार ट्रकवाल्याला पाठवा’, हा भामट्यांचा ठरलेला डाव. चेकवरच्या नंबरला फोन करू नका, तोही त्यांचाच असू शकतो. गिऱ्हाइकासोबत त्याच्या बँकेत जा, काउंटरवर चेक बनताना बघा. हजारापर्यंत पोस्टाची मनीऑर्डर बरी; तिथे ती चेकसारखा कागद असते. उजेडात धरली की बेंजामिन फ्रँकलिनचं जलचिन्ह दिसतं. माल देण्याआधी ती पोस्टातच वटवा.