धरमपेठेतला काउन्सेलिंगचा फाउंडेशन कोर्स: शिकवणं उत्तम, जाहिरात मात्र चुकीची

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या धरमपेठेत शनिवार-रविवार चालणारा काउन्सेलिंगचा फाउंडेशन कोर्स केला. बरेच जण विचारतायत कसा आहे, करावा का, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते. इन्स्टिट्यूटचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि असे कोर्स आता नागपुरात बरेच निघालेत, तर कुठलाही घ्यायच्या आधी काय बघायचं ते कळलं तर जास्त कामाचं.

मी शाळेत नववी-दहावीला शिकवते. आमच्याकडे काउन्सेलरची पोस्ट नाही, म्हणून पोरं रडत येतात ती क्लास टीचरकडेच, आणि दहावीचा रिझल्ट लागला की आईवडील येतात, मॅडम सायन्स घेऊ द्यायचं का, नीटचा क्लास लावायचा का, कोटाला पाठवायचं का. माझ्याकडे बीएड आहे, बीएडला सायकॉलॉजीचा पेपर होता, पण समोर बसलेल्या पोराशी नेमकं बोलायचं कसं हे त्यात कुठे शिकवतात. तेवढ्यासाठी हा कोर्स केला.

शिकवणाऱ्या मुख्य मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, आरसीआयला (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, अशा तज्ज्ञांची सरकारी नोंदणी करणारी संस्था) रजिस्टर्ड, आणि त्यांच्यामुळेच हा कोर्स उभा आहे असं माझं स्पष्ट मत. सुरुवातीला इतिहास होता, मला वाटलं झालं आता स्लाइड वाचून दाखवणार, पण तोच भाग मला सगळ्यात जास्त कामी आला. फ्रँक पार्सन्स नावाचा माणूस, १९०८ साली बोस्टनमध्ये त्याने व्होकेशन ब्युरो काढला, शहरात नव्याने आलेल्या, बाहेर देशातून आलेल्या गरीब घरच्या पोरांना कुठलं काम धरावं ते कळत नव्हतं म्हणून. त्याच वर्षी तो वारला पण त्याची तीन पायऱ्यांची पद्धत राहिली: आधी स्वतःला ओळखा, मग कामांची खरी माहिती घ्या, आणि मग दोन्हीची सांगड विचार करून घाला. म्हणजे हे अख्खं क्षेत्र सुरू झालं ते दवाखान्यातून कमी आणि दहावीनंतर काय या प्रश्नातून जास्त, आणि आपण नागपुरात दर जूनमध्ये तोच प्रश्न घेऊन बसलेलो असतो. आपल्याकडे बहुतेक घरात पहिली पायरी होतच नाही, दुसरी शेजारच्या काकांकडून होते, आणि डायरेक्ट ॲडमिशन.

इथेच मॅडमनी डीएमआयटीचा विषय काढला, म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी टेस्ट, शाळांमध्ये स्टॉल लावून विकतात ती. त्याला शास्त्रीय आधार नाही, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही तसं जाहीर सांगितलंय. आमच्याच शाळेच्या ग्राउंडवर असा स्टॉल लागला होता आणि पालक लाइन लावून पैसे देत होते. कोर्स झाल्यावर मी मुख्याध्यापकांशी बोलले, या वर्षी परवानगी दिली नाही. फक्त या एका गोष्टीसाठी फी वसूल झाली म्हणेन.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर परत आलेल्या सैनिकांना शिक्षण, नोकरी, मन सावरणं सगळ्यातच मदत लागली, तेव्हा अमेरिकेत या कामाला मानसशास्त्राची वेगळी शाखा म्हणून जागा मिळाली, १९४६ ला तिथल्या सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये वेगळा विभागच झाला. हा भाग पटकन उरकला, ठीकच आहे.

खरा कोर्स कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून सुरू होतो. रॉजर्सचं म्हणणं, १९५७ च्या त्याच्या पेपरमधलं, थोडक्यात असं की माणूस बदलतो तो समोरच्याने हुशार सल्ला दिला म्हणून नाही, तर त्याला कोणीतरी नीट समजून घेतलं, अट न घालता स्वीकारलं आणि त्याच्याशी खोटं वागलं नाही म्हणून. वाचायला एकदम सोपं. करायला बसलं की कळतं.

प्रॅक्टिस तिघांच्या गटात असते, एक काउन्सेलर, एक क्लायंट, एक नुसता बघणारा. एका राउंडला मी बघणारी होते. क्लायंट झालेल्या मुलीला रोल दिला होता, बारावीत मार्क कमी पडलेला मुलगा. ती म्हणाली, "मला कॉलेजला जायचीच इच्छा होत नाही आता." काउन्सेलर झालेले दादा बँकेत आहेत, फार भला माणूस, ते लगेच म्हणाले, "अरे असं नाही बोलायचं बेटा, एका परीक्षेने काय होतं, अजून अख्खं आयुष्य पडलंय." ती नुसती हं म्हणाली आणि खाली बघायला लागली, मग दादा अजून बोलत राहिले आणि ती अजून गप्प होत गेली. मॅडमनी थांबवलं, ओरडल्या वगैरे नाही, एवढंच म्हणाल्या की दादा, आता परत करा, पण यावेळी तिला काही द्यायचं नाही, तिचं जे आहे ते फक्त तिला ऐकू येईल असं करा. दुसऱ्यांदा दादा म्हणाले, "कॉलेजला जावंसंच वाटत नाही." आणि थांबले. त्या खोलीत कूलर एवढा मोठ्याने चालतो की हळू बोललेलं ऐकूच येत नाही, म्हणून कोणीतरी उठून तो बंद केला. मे महिना, दुपारची वेळ, सगळे घामाने भिजतोय, आणि बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग ती म्हणाली, "मित्र सगळे तिथेच असतात ना. ते विचारतात किती पडले." म्हणजे प्रश्न कॉलेजचा नव्हताच, लाजेचा होता, आणि पहिल्या राउंडच्या सल्ल्यात तो कधीच बाहेर आला नसता. रोल प्ले होता तरी माझ्या अंगावर काटा आला.

प्रश्न कसे विचारायचे, ऐकलेलं आपल्या शब्दात परत कसं मांडायचं, बसायचं कसं, हे सगळं असंच करून करून घेतात. 'असं का केलं' याऐवजी 'तेव्हा काय झालं' विचारा, एवढा एक बदल मी वर्गात करून बघितला आणि पोरं खरंच जास्त बोलतात, कारण आपल्याकडे 'का केलं' हा प्रश्न नसतोच, ती रागवायची सुरुवात असते.

एथिक्सचं सेशन प्रत्येक शिक्षकाने ऐकावं असं आहे. पोराने सांगितलेलं गुप्त ठेवायचं हे सगळ्यांनाच माहीत, पण कुठे ठेवायचं नाही हे किती जणांना माहीत आहे? जिवाला धोका असेल, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या, तर नाही. आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कळवलं नाही तर शिक्षा आहे. म्हणून मॅडम म्हणतात पोराला आधीच सांगायचं, तू सांगशील ते माझ्याकडेच राहील पण या दोन-तीन गोष्टी असल्या तर मला मोठ्यांना सांगावं लागेल. आधी 'कुणालाच सांगणार नाही' म्हणून शब्द द्यायचा आणि मग तो मोडायचा, यासारखा वाईट प्रकार नाही.

आत्महत्येबद्दल थेट विचारायचं हेही इथेच शिकवलं. आपल्याला भीती वाटते की विचारलं तर त्याच्या डोक्यात येईल, पण विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. मॅडमनी आमच्याकडून एकेकाकडून तो प्रश्न मोठ्याने म्हणवून घेतला, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" पहिल्यांदा कोणाच्याच तोंडून धड निघत नव्हता. सोबत १४४१६ नंबर पाठ करून घेतला, टेली मानस, केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. तो मी वर्गाच्या बोर्डाच्या कोपऱ्यात लिहूनच ठेवलाय.

आणि रेफरल, म्हणजे पोराला पुढे डॉक्टरांकडे पाठवणं. आपल्या शहरात ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे. आपलं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, आणि त्याच्याजवळचा चौक आजही लोक पागलखाना चौक म्हणूनच सांगतात, मग पालकांना सायकियाट्रिस्ट म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मॅडम, आमचा पोट्टा पागल आहे काय?" मॅडमनी शिकवलं की शब्दावर वाद घालत बसायचं नाही, दिसतंय ते सांगायचं: महिनाभर झोप नाही, जेवण सुटलंय, वजन उतरलंय, हे डॉक्टरांनी बघायला पाहिजे, माझ्या बोलण्याने एवढं होणार नाही. मेडिकल, मेयो, एम्स या नागपुरातल्या तिन्ही सरकारी हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहे, कमी खर्चात होतं, हेही बहुतेकांना माहीत नसतं. असं बोलून पालक खरंच तयार होतात, मी बघितलंय.

आता तक्रारी.

आरईबीटी आणि सीबीटी, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या दोन उपचारपद्धती, मिळून एका दुपारीत गुंडाळल्या. कि. मो. फडके यांच्यासारख्या माणसाने अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची आरईबीटी मराठी लोकांपर्यंत आणायला आयुष्य घातलं, त्यावर आपल्या भाषेत एवढं काम झालंय, आणि इथे एक तक्ता दाखवून पुढे. ते सेशन दुसऱ्या सरांनी घेतलं, ते कॉर्पोरेट ट्रेनिंगवाले आहेत, त्यांचा अर्धा वेळ मोटिव्हेशनल व्हिडिओत गेला, आणि पॉझिटिव्ह विचार करा हे त्यांचं वाक्य आम्ही आधीच्या आठवड्यात जे शिकलो त्याच्या बरोबर उलटं होतं. सर माणूस म्हणून चांगले आहेत पण हा विषय त्यांचा नाही, इन्स्टिट्यूटने त्यांना द्यायलाच नको होता.

मोठी तक्रार जाहिरातीबद्दल. फ्लेक्सवर लिहिलंय 'काउन्सेलर बना', आणि काउंटरवरची ताई ॲडमिशनच्या वेळी मला म्हणाली की सर्टिफिकेट मिळालं की घरीच प्रॅक्टिस सुरू करू शकता. हे बरोबर नाही, आणि आत वर्गात मॅडम स्वतः पहिल्या दिवसापासून याच्या उलट सांगतात. या कोर्सने तुम्ही चांगलं ऐकणारा शिक्षक, नर्स, एचआरवाला, एनजीओ कार्यकर्ता होऊ शकता. प्रोफेशनल व्हायचं तर सायकॉलॉजीत एमए किंवा एमएस्सी लागतं, त्यात पेशंटसोबतचं प्रत्यक्ष काम लागतं आणि वर सुपरव्हिजन करणारं कोणीतरी लागतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला तर आरसीआयची नोंदणीच पाहिजे. आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात आता काउन्सेलरसारखी कामंही धरली आहेत, म्हणजे ज्याला वाटलं त्याने पाटी लावली हे पुढे चालणार नाही. आमच्या बॅचमधल्या एका काकूंनी रिटायरमेंटचे पैसे यात घातले, पुढे क्लिनिक काढायचं म्हणून, आणि अर्ध्या कोर्समध्ये त्यांना कळलं की तसं काही होत नाही. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. फी १८,००० आहे, एकदा भरली की परत नाही. माणसांना आधार द्यायला शिकवणाऱ्या जागेने दारातच असं सांगावं याचा मला मनापासून राग आहे, आणि फीडबॅक फॉर्मवर मी तो नाव टाकून लिहिलाय.

बाकी जागा म्हणाल तर दुसरा मजला, लिफ्ट नाही, शंकर नगर चौक मेट्रोहून चालत येता येतं, टू व्हीलर लावायला जागा मिळते, फोर व्हीलर आणू नका. प्रॅक्टिसच्या खोल्यांमध्ये नुसती प्लायवूडची पार्टिशनं, शेजारच्या गटाचं सगळं ऐकू येतं, गुप्ततेचं सेशन पण त्याच खोलीत. नोट्स इंग्लिशमध्ये आहेत, मॅडम मात्र पूर्ण मराठीत समजावतात, मध्ये हिंदी, कोणाला अडचण आली नाही.

रेटिंग विचाराल तर मॅडमच्या सेशन्सना पाचपैकी पाच, सरांच्या सेशनला दोन, ॲडमिशनच्या काउंटरला शून्य. शिक्षक असाल, हॉस्टेल सांभाळत असाल, आशा ताई असाल तर डोळे झाकून करा, पण बॅच मॅडमचीच आहे ना ते आधी विचारा. करिअर म्हणून बघत असाल तर हेच पैसे एमएच्या फीसाठी ठेवा, आपल्या युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी आहे. आणि कुठल्याही इन्स्टिट्यूटमध्ये गेलात तर पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागा: शिकवणाऱ्याची डिग्री आणि नोंदणी, प्रॅक्टिसचे तास किती, आणि सर्टिफिकेटवर नेमकं काय लिहून मिळणार. 'नंतर सांगतो' म्हणाले तर उठून या.