आमच्या भिशीचं बीपी मशीन: दोन वर्षं वापरल्यानंतर

आमची भिशी नऊ जणींची. दर महिन्याच्या ५ तारखेला प्रत्येकी ५०० रुपये. दोन वर्षांपूर्वी एका महिन्याची भिशी कोणाच्याच नावावर न काढता आम्ही त्या साडेचार हजारांतून दंडाला बांधायचं डिजिटल बीपी मशीन आणलं. मशीन २,३०० रुपयांना पडलं. पुढे मोठा पट्टा वेगळा घ्यावा लागला, त्याचे ९५० गेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू पडेल.

आम्ही सगळ्या सांगलीच्या गावभागातल्या, एका गल्लीतल्या. सर्वांत धाकटी ६१ ची, आक्का ८३ च्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा आम्ही सहा जणी आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन रात्री एकत्र होतो. लाईट नव्हती. प्रत्येकीच्या हातात औषधांची पिशवी. टॉर्चच्या उजेडात गोळ्या वेगळ्या करताना कळलं की आक्कांची बीपीची गोळी चार दिवसांपूर्वीच संपली होती आणि त्यांनी घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. 'उगाच पोरांना कशाला त्रास,' म्हणाल्या. त्या रात्रीपासून आम्ही एकमेकींच्या गोळ्या मोजतो.

आधी आमच्याकडे मनगटाला बांधायचं मशीन होतं, एकीच्या भाच्याने आणून दिलेलं. त्यावर हात मांडीवर ठेवला की वरचं १५८ यायचं आणि तोच हात छातीपाशी धरला की १३७. मनगट हृदयाच्या पातळीच्या खाली गेलं की आकडा फुगतो, हे डॉक्टरांनी सांगितलं. थरथरत्या हाताने मनगट छातीपाशी धरून बसणं आमच्या वयात जमत नाही. म्हणून दंडाचंच घ्या.

आता पट्ट्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. मी ४२ वर्षं ब्लाउज शिवले, दंडाची मापं हा माझा विषय आहे. मशीनबरोबर आलेल्या पट्ट्यावर बारीक अक्षरात २२ ते ३२ सेंटीमीटर लिहिलेलं होतं. पहिल्या महिन्यात ते कोणी वाचलं नाही. समोरच्या वहिनींचं वरचं दर वेळी १६५ च्या पुढे यायचं. त्या घाबरून गेल्या, जेवण तुटलं, रात्री झोप नाही. एके दिवशी पट्टा बांधताना पाहिलं, तर वेलक्रो जेमतेम दोन बोटं चिकटत होतं आणि फुगताना तडतडत होतं. माझी मापाची जुनी वही काढली. वहिनींचा दंड १४ इंच. म्हणजे साडेपस्तीस सेंटीमीटर झाले. दंड मोठा आणि पट्टा लहान असला की आकडा वर जातो. २२ ते ४२ चा पट्टा मागवला, त्याच खुर्चीत, त्याच वेळी मोजलं, तर १४४. वहिनी आधी काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, 'पुन्हा एकदा लाव गं.' दुसऱ्यांदा १४२ आलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळी त्यांना लागतेच, ती चालू आहे. पण महिनाभराची ती धास्ती नुसत्या पट्ट्यामुळे होती. दुकानदाराने मशीन देताना दंडाचं माप विचारायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा टेप घेऊन जा. कोपर आणि खांद्याच्या बरोबर मधे, हात सैल सोडून मोजायचं.

दुसरी गोष्ट बाहीची. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो. आमच्या ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत आणि घट्ट. ती बाही वर सरकवली की तिचाच पीळ दंडाला बसतो आणि आकडा चुकतो. माहितीपुस्तिकेत 'बाही वर करा' एवढंच छापलंय. शर्ट घालणाऱ्याला ठीक आहे. आमच्यातल्या दोघीतिघी संकोचून बाहीवरूनच पट्टा बांधून घ्यायच्या. शेवटी मी सगळ्यांच्या एकेका ब्लाउजची डावी बाही शिवणीपाशी उसवून चार प्रेस बटणं लावली. बटणं काढली की बाही पंख्यासारखी मोकळी होते, पदर वरून घ्यायचा, झालं. तो त्यांचा 'गुरुवारचा ब्लाउज'.

गुरुवार आमचा मोजायचा वार. चार वाजता, चहाच्या आधी. चहा पिऊन लगेच मोजलं तर आकडा वर जातो, निदान अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, आणि पाच मिनिटं गप्प. घरी एकटीने मोजताना ही पाच मिनिटं कोणी पाळत नाही. कुकरची शिट्टी होते, दारावर कोणी येतं. इथे समोर आठ जणी बसलेल्या असतात, बोलायला लागलं की माई तोंडावर बोट ठेवतात. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो आणि दोन्ही आकडे वहीत लिहितो. घरी मोजलेलं बीपी सरासरीने १३५/८५ च्या आत हवं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मशीन आल्याआल्या आम्ही ते डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांच्या मशीनशी ताडून पाहिलं. तेव्हाच त्यांनी दोन्ही दंडांवर मोजून ज्याचा आकडा जास्त येतो तोच हात कायम ठेवायला सांगितलं. आमच्यात दोघींचा तो उजवा निघाला, मग त्यांच्या ब्लाउजची उजवी बाही उसवली.

आक्का गेल्या दिवाळीनंतर पहाटे बाथरूमला उठल्या की भोवळ येते म्हणायच्या. बसून मोजलं तर १३८, सगळं ठीक. त्यांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजलं. दोन बाजूंनी दोघी धरून उभ्या होत्या. ११२ आलं. वरचं २० किंवा जास्त उतरलं तर ती काळजीची गोष्ट असते. वही घेऊन मी आणि माई त्यांच्याबरोबर मिरजेला गेलो, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि उठताना आधी काठावर बसून मग उभं राहायला सांगितलं. त्यानंतर आक्का पडलेल्या नाहीत. आकडा चांगला दिसला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आमच्यातल्या एकीने केली होती, आठवड्यात तिचं वरचं १८० ला गेलं आणि दवाखाना गाठावा लागला. त्यात आमची सगळ्यांची चूक होती, वहीत तिचे आकडे आम्हीच लिहीत होतो आणि 'गोळी घेतेस ना' हे विचारलं नव्हतं. आता वहीत गोळीचा रकाना आहे.

तक्रारी आहेतच. मशीनच्या आठवणीत दोघांचेच आकडे राहतात, नऊ जणींना त्याचा काही उपयोग नाही. ते बोलून आकडा सांगतं, पण हिंदी किंवा इंग्रजीत, मराठी नाही. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी मराठी फार गरजेचं होतं. नळी जिथे मशीनला जोडते तिथे दीड वर्षात चीर गेली. नवी मिळायला सात आठवडे लागले, फोन केला की प्रत्येक वेळी नवा माणूस आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं. चार पेन्सिल सेल मात्र चार-पाच महिने सहज जातात, आणि आकडे इतके मोठे आहेत की आक्का चष्म्याशिवाय वाचतात.

घ्यायचं असेल तर तिघी-चौघींनी मिळून घ्या. आणि तुमच्या शिंप्याला पुढच्या ब्लाउजपासून एका बाहीच्या शिवणीत इंचभर कापड जास्त ठेवायला सांगा. उसवायला लागलं तर उपयोगी पडेल, प्रेस बटणं कुठेही मिळतात.