ओढा झाकायचा की वाहता ठेवायचा?

ओढ्यावर स्लॅब टाकला की रस्त्याला, पार्किंगला लगेच जागा मिळते. पण आत साचलेला गाळ काढणं अवघड होऊन बसतं आणि मोठ्या पावसात तेच पाणी तळघरांत शिरतं. ओढा उघडा ठेवायचा तर काठची जमीन सोडावी लागते, कचरा सतत उचलावा लागतो. तरी माझा कौल त्यालाच. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये चॉन्ग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ मध्ये सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह मोकळा केला. काठची हवा गार झाली, आसपासच्या जमिनीचे भाव चढले, उन्हाळ्यात माणसं पाण्यात पाय सोडून बसू लागली. ज्या फेरीवाल्यांना तिथून उठावं लागलं, त्यांचं नुकसानही याच हिशेबात धरायला हवं. शिवाय बरंचसं पाणी आजही पंपानेच आणावं लागतं.