बँकेचं ॲप आठ महिने वापरून: डिझाइन पहिल्या दिवसापासून छान होतं, पण पैसे गेले की नाही ते सांगायला पाच महिने लागले

आठ महिने झाले, माझ्या बँकेचं नवीन डिझाइनवालं ॲप रोज वापरतेय. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पैशांच्या कुठल्याही ॲपमध्ये हेच होऊ शकतं, आणि मला डिझाइनबद्दलच बोलायचंय.

पहिला आठवडा मी भलतीच खूश होते. बॅलन्स उघडल्या उघडल्या दिसायचा, पैसे पाठवायला पूर्वी सहा स्क्रीन लागायच्या त्या तीनवर आल्या, अक्षरं मोठी, मोकळी जागा भरपूर. ऑफिसात दोघीतिघींना सांगून डाउनलोड करायला लावलं. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाचपैकी पाच दिले असते. पण पैशांचं ॲप सगळं सुरळीत चालू असताना नाही कळत, काहीतरी अडकतं ना, तेव्हा कळतं.

तिसऱ्या महिन्यात एक मोठी रक्कम पाठवत होते, लिफ्टमध्ये होते, 'पाठवा' दाबलं आणि रेंज गेली. चक्र फिरत राहिलं आणि मग स्क्रीनवर आलं, 'काहीतरी चुकलं' आणि त्याच्याखाली चांगलं ठळक निळं बटण, 'पुन्हा प्रयत्न करा'. आता समोर एकच बटण असेल तर माणूस काय करणार, दाबलं. घरी येऊन बघते तर पैसे दोनदा गेलेले! पुढचे नऊ दिवस कस्टमर केअरला फोन, ईमेल, परत फोन. पैसे मिळाले परत, पण त्या नऊ दिवसांत झोप लागत नव्हती नीट, आणि सगळ्यात जास्त मनाला लागलं ते हे की त्यांच्या लेखी चूक माझी होती, मी दोनदा दाबलं म्हणून.

नंतर आमच्याकडे बॅकएंडवर, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला काम करणाऱ्या एका कलीगने समजावून सांगितलं. माझी पहिली रिक्वेस्ट सर्व्हरला पोचली होती, फक्त त्याचं उत्तर माझ्या फोनपर्यंत आलं नाही, म्हणजे ॲपला स्वतःलाच माहीत नव्हतं की पैसे गेले की नाही. यावर उपाय जुना आहे, ॲपने प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक वेगळा नंबर द्यायचा आणि परत पाठवताना तोच नंबर पाठवायचा, मग सर्व्हर ओळखतो की हे आधी आलंय आणि दुसऱ्यांदा पैसे कापत नाही. या नंबरला 'आयडेम्पोटन्सी की' (key) म्हणतात. ते झालं सर्व्हरचं. पण स्क्रीनवर काय लिहायचं हे तर डिझाइनवाल्यांचं काम ना? पैसे गेले, पैसे नाही गेले, आणि अजून कळलं नाही, अशा तीन अवस्था असतात. या ॲपने तिसरी अवस्था धरलीच नव्हती, ती सरळ 'काहीतरी चुकलं' मध्ये ढकलून दिली होती.

पाचव्या महिन्याच्या अपडेटमध्ये हे बदललं आणि मनापासून सांगते, सगळ्या ॲपमधली सगळ्यात चांगली स्क्रीन आता तीच आहे. मागच्या महिन्यात परत रेंज गेली तेव्हा आलं, 'तुमचा व्यवहार आमच्याकडे पोचला आहे. समोरच्या बँकेच्या उत्तराची वाट बघत आहोत. पुन्हा पाठवू नका.' खाली वेळ, रेफरन्स नंबर, आणि कधीपर्यंत कळेल तेही. 'पुन्हा प्रयत्न करा' बटणच नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि कामाला लागले, वीस मिनिटांनी नोटिफिकेशन आलं पोचले म्हणून.

दुसरी गोष्ट बाबांच्या फोनवर दिसली. ते फॉन्ट एकदम मोठा ठेवतात. कन्फर्म करायच्या स्क्रीनवर रकमेचे शेवटचे दोन आकडे कापले जाऊन तिथे तीन टिंबं यायची, म्हणजे जिथे रक्कम नीट बघून 'हो' म्हणायचं तिथेच रक्कम अर्धी! अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी मजकूर गायब होता कामा नये असं डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही वापरता यावं यासाठीच्या नियमांमध्ये २००८ पासून लिहिलेलं आहे. मी स्क्रीनशॉट पाठवले, दोन महिन्यांनी दुरुस्त झालं. आता रक्कम पूर्ण एका ओळीत येते आणि बटणावर नुसतं 'ओके' न येता कोणाला किती पाठवताय ते येतं. बाबा आता मोठ्याने वाचून मगच दाबतात.

कोणाला वाटेल किती बारीकसारीक बघते ही. पण ऑगस्ट २०२० मध्ये सिटीबँकेला एका कर्जाचं सुमारे ७८ लाख डॉलर व्याज द्यायचं होतं आणि गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर, कारण सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर तीन चौकटी भरायच्या होत्या आणि एकच भरली गेली. तिघांनी बघून मंजूर केलं होतं! तिघांच्याही डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे ती स्क्रीन त्यांना नक्की काय पाठवतोय ते सांगतच नव्हती. कोर्टात दोन वर्षं गेली त्यात.

बाकी छोट्या गोष्टी. पासवर्ड पेस्ट करू देत नव्हते, आता देतात. जमा आणि खर्च फक्त हिरव्या-लाल रंगावरून ओळखायचं होतं, आता अधिक-उणे चिन्ह आलंय.

जे अजिबात आवडत नाही ते म्हणजे कर्जाची ऑफर. पैसे गेल्यावर जिथे 'झालं' दाबायला बोट जातं बरोबर तिथे 'ऑफर बघा' येतं, आणि नाकारायला फिकट राखाडी अक्षरात 'नंतर', 'नको' असा पर्यायच नाही. अशा फसवणाऱ्या डिझाइनला २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं. ज्या ॲपने मला 'पुन्हा पाठवू नका' असं इतकं स्पष्ट सांगितलं त्यानेच असं बोट फसवावं याचं खरंच वाईट वाटतं. एक तारा त्याचा कापलाय, पाचपैकी चार.

आणि एक राहिलंय. मोठा फॉर्म भरताना मध्ये कागद शोधायला उठलं की सेशन संपतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. सुरक्षेसाठी लॉगआउट करा, मला मान्य आहे, पण आधी इशारा द्या आणि वेळ वाढवायला एक बटण द्या, वरच्या त्याच डब्ल्यूसीएजी नियमांमध्ये यासाठी किमान २० सेकंद द्यायला सांगितलंय. परवा तिसऱ्यांदा लिहिलंय त्यांना, स्क्रीन रेकॉर्डिंग पण जोडलंय. उत्तर आलं की हाच रिव्ह्यू अपडेट करते.