पद्मिनी पाणी फेकत होती, गॅरेजवाल्यानं हात धुऊन घेतले

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये हिरवं पाणी सांडलेलं दिसलं, की गॅरेजमधून पहिलं वाक्य येतं, "साहेब, हेड गॅस्केट गेलं." म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा (ब्लॉक) यांच्यामधला पातळ सील फाटला. आमच्या 1986 च्या प्रीमियर पद्मिनीबाबत हे वाक्य साफ खोटं निघालं. तोवर हजारो रुपये गेले होते, आणि पैशांपेक्षा जास्त मोलाची एक वस्तूही.

गाडी वडिलांची, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली, 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढून चहाला थांबलं, की रेडिएटरच्या ओव्हरफ्लो नळीतून थोडं कूलंट खाली पडायचं. वाफ नाही, ओढ कमी नाही. तरी एकदा दाखवावी म्हणून घराजवळच्या एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्यानं रेडिएटर काठोकाठ भरला, "झाकण लूज आहे" म्हणून नवं बसवलं आणि परत पाठवलं. आता गळती दुपटीनं वाढली. पुन्हा गेलो तर झाकण काढून गाडी चालू केली, एक्सिलरेटर दाबला. तोंडातून पाणी उसळलं, बुडबुडे आले. "बघा, कॉम्प्रेशन पाण्यात येतंय."

हा प्रयोग नीट समजून घ्या, कारण तो बघून कुणीही गप्प बसतं. उघड्या तोंडाचा भरलेला रेडिएटर रेस केल्यावर पाणी फेकतोच. नुकतंच पाणी भरलेलं असेल तर अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येतेच. गॅस्केट खरंच गेलं असेल तर बुडबुडे थांबत नाहीत, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहतो. शंका असेल तर त्याची रसायनाची चाचणीही असते: रेडिएटरच्या तोंडावर निळं द्रावण धरतात, इंजिनातला जळका वायू पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

मग बिल. हेड उतरवणे, लेथवर फेसिंग (हेडचा तळ सपाट करणे), गॅस्केट सेट, रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून गाळ काढणे), मजुरी. साध्या कागदावर, ना जीएसटी नंबर, ना सही. जुनं गॅस्केट मागितलं तर "कचऱ्यात गेलं". गाडी घरी आली, पाणी तसंच पडत राहिलं. आता त्याचं म्हणणं, ब्लॉकलाच तडा असेल, इंजिन खाली घ्यावं लागेल.

इंजिन खाली घेण्याआधी गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या रेडिएटरवाल्या चाचांकडे नेली. त्यांनी आधी झाकण हातात घेतलं. झाकणाची स्प्रिंग आखूड होती, रेडिएटरच्या तोंडाच्या, म्हणजे नरड्याच्या, आतल्या बैठकीपर्यंत वॉशर पोचतच नव्हता. म्हणजे दाब धरलाच जात नव्हता. दर पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशानं वाढतो. दाबच नसेल तर चढावर ही उसंत मिळत नाही आणि पाणी नळीवाटे मोकळं बाहेर जातं. हे झाकण चुकून बसलं असेल, असं मी एक वेळ धरेन.

पुढचं चुकून होत नाही. चाचा म्हणाले, "हेड कुणी खोललं? इथे तर हातच लागलेला नाही." हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर ऑइल-धुळीची वर्षानुवर्षांची खपली अखंड होती. हेड उतरवून ती तशीच ठेवणं कुणालाही शक्य नाही. आणि रेडिएटर? आमच्या रेडिएटरच्या वरच्या पितळी टाकीवर वडिलांनी पूर्वी करून घेतलेला झाळकामाचं एक ठिगळ होतं. ते दिसेना. कोअर, म्हणजे मधली नळ्यांची जाळीही पातळ, नळ्यांच्या ओळी कमी. तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर काढून कुठला तरी हलका माल रंग मारून बसवला होता. तांबं-पितळ भंगारात वजनावर चांगल्या भावानं जातं, हे सांगायला नकोच.

मुळात गाडीला आजार होता का? जवळपास नाही. इंजिन आणि रेडिएटर मिळून पाच लिटर पाणी आहे असं धरा. ते 20 अंशांवरून 90 वर गेलं की पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपास फुगतं. जुन्या गाड्यांना जादाचं पाणी परत घेणारी बाटली नसते, त्यामुळे काठोकाठ भरलेला रेडिएटर तेवढं रस्त्यावर टाकतो आणि आपली पातळी गाठून थांबतो. चढावर इंजिन लगेच बंद केलं तर पंप थांबतो, हेडची धग तिथल्याच पाण्यात उतरते, आणखी थोडं पडतं. म्हणून गाडी थंड असताना नरड्याखाली बोट-दीड बोट जागा सोडायची आणि घाट संपल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. गरम झाकणाला हात लावायचा नाही. आणि हळद! गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर आजही भेटतात. त्या गाळानं बारीक नळ्याही बुजतात.

चाचांनी योग्य खोलीचं झाकण आणि बाजूला एक बाटली बसवून दिली. नळीचं टोक बाटलीत तळापर्यंत, आणि झाकणाला वरच्या कडेलाही रबरी वॉशर. तो नसेल तर गाडी थंड होताना कूलंटऐवजी हवा ओढली जाते. आता पाणी बाटलीत जातं आणि परत येतं.

गॅरेजवाला म्हणतो, रेडिएटर हाच होता. माझ्याकडे बॉनेट उघडून काढलेला जुना फोटो आहे, त्यात ठिगळ स्पष्ट दिसतं. गाडी कामाला देण्याआधी प्रत्येकानं असा फोटो काढावा, आणि काढलेले भाग परत द्यायचे हे कागदावर लिहून घ्यावं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. व्यवहार पाच लाखांच्या आतला असेल तर तिथे फी पडत नाही, मुदत दोन वर्षांची असते. फोटो, तो साधा कागद आणि पातळ कोअरचा रेडिएटर, तिन्ही पुरावे म्हणून जपून ठेवलेत. पद्मिनीचा मूळ जाड कोअर शोधतोय, मिळेपर्यंत खंबाटकी सकाळच्या गारव्यातच चढतो.